मुलाखतीच्या सावंतबाई

"कळवू" या एका शब्दावर सावंतबाईंचा इतका राग होता, की माझ्या दुकानात कुणी फोनवर सहज "बरं, कळवतो" म्हटलं तरी त्या चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून बघायच्या. "कधी कळवतलात? वार सांगा," असं त्यांनी एकदा एका अनोळखी गृहस्थाला सुनावलं होतं. तो बिचारा आपल्या मेव्हण्याशी नारळांबद्दल बोलत होता.

माझं दुकान कणकवलीत, बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज. बाईंचं घर दुकानाच्या पाठीमागे, मधे फक्त एक गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. मुंबईला एका औषधांच्या कारखान्यात नोकरभरतीच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या रिकाम्या घरात येऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या आधारकार्डाची प्रत काढायला. पुढे खारेपाटणचा एक मुलगा उभा होता, नुकताच बी.कॉम. झालेला. त्याचा बायोडाटा प्रिंटरमधून बाहेर येत होता. बाईंनी तो कागद सरळ उचलला आणि वाचायला लागल्या.

"छंद, वाचन," त्या म्हणाल्या. "शेवटचा काय वाचलंस?"

मुलगा गडबडला. "तसा काय नाय."

"मगे ह्यो छंद कोणाचो?"

मुलाने गुपचूप माझ्याकडे बोट दाखवलं. खरंच होतं ते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार नमुना होता. त्यात छंदापुढे वाचन, संगीत आणि प्रवास लिहिलेलं होतं, आणि अख्ख्या पंचक्रोशीतल्या पोरांना मी तेच तीन छंद लावले होते.

"घरात काय करतंस?" बाईंनी विचारलं.

"काजूची कलमां बांधतंय. बाबांका आता जमना नाय."

"जगतत?"

"जगतत तर! आमच्या वाडीत सगळे माकाच बोलवतत." मुलगा पहिल्यांदा मान वर करून बोलला.

"मगे ह्या कित्याक नाय लिवलंस? ज्या कामान तुका वाडीत मान आसा, त्या लपवतंस आणि हेच्या मशीनमधलो छंद घेवन जातंस?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ती ओळ काढून टाक. आता, माझ्यासमोर." मी काढली. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या मुलाला पुढचा तासभर सोडलं नाही. माझ्या दुकानात गर्दी झाली, पण बाईंना उठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. रविवारी सकाळी बाईंच्या पडवीत पोरं जमायला लागली. कुणी बँकेसाठी, कुणी रिसॉर्टच्या स्वागतकक्षासाठी, कुणी गोव्यातल्या कंपन्यांसाठी. आंबोलीच्या धो धो पावसातून येणाऱ्या पोरांना त्यांची ताकीद असायची, की कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे आणि मुलाखतीला जाताना डेपोत बदलायचे. "भिजान गेलंस तर तू कामाचो विचार करुचंस नाय, कुडकुडत रवशीत," असं त्या म्हणायच्या. फी वगैरे काही नव्हती. कुणी फणस आणला तर ठेवून घ्यायच्या, पण आभाराचं भाषण सुरू केलं तर तोडून टाकायच्या.

पडवीत एक टेबल आणि त्यामागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर बाई बसल्या की त्यांची भाषाच बदलायची. क्षणापूर्वी "आवशीन चाय दिल्यान मा तुका?" म्हणून आईची चौकशी करणारी बाई एकदम थंड, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणायची, "या. बसा. स्वतःबद्दल सांगा." पाठ केलेलं उत्तर त्यांना पहिल्या वाक्यातच कळायचं. त्या हात वर करून थांबवायच्या. "हे पुस्तकातलं झालं. आता तुमचं सांगा." ज्या ठिकाणी जायचंय तिथे नेमकं काय काम चालतं हे ठाऊक नसेल, तर त्या पोराला परत पाठवायच्या, माहिती काढून ये म्हणून. येत नसेल त्या उत्तराला "माहीत नाही" म्हणायला लावायच्या, आणि तेही मान खाली न घालता. बोलता बोलता कुणाच्या तोंडून "माका" निसटलं आणि त्याने जीभ चावली, तर मात्र चिडायच्या. "चावतंस कित्याक? ती जीभ आवशीची आसा. सुधार आणि फुडे बोल."

मला त्यांनी कामाला लावलं होतं. "सुधीर, तू डाव्या बाजूचो साहेब."

त्यांचं म्हणणं, प्रत्येक मुलाखतीत असा एक साहेब असतोच. अर्ज त्याने वाचलेला नसतो. तो मोबाइल बघतो, जांभई देतो, आणि मधेच असं काहीतरी विचारतो ज्याचा कामाशी काही संबंध नसतो. मुलींना लग्नाचं विचारतो, मुलग्यांना आडनावावरून गाव आणि गावावरून आणखी काय काय विचारतो. ते सगळं मी करायचं. मी जांभया इतक्या मन लावून द्यायचो, की बाई मधेच म्हणायच्या, "पुरे, खरीच झोप लागात."

मुंबईतली एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही चिडूनच. कारखान्यात मुलाखती चालायच्या तेव्हा त्या टेबलाच्या कडेला बसून नोंदी घ्यायच्या. एकदा आपल्याच भागातला एक मुलगा आला. यंत्रांचं त्याला उत्तम कळत होतं. घाईत एकदा "माका वाटता" म्हणून गेला. तो बाहेर पडल्यावर साहेब लोक त्याची नक्कल करून पोट धरून हसले आणि त्याचा अर्ज नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला. "बाहेर जावन त्याका 'कळवू' म्हणान सांगूचा काम माझा होता," बाई म्हणाल्या. "तो माका म्हणालो, ताई, बरी झाली मा मुलाखत? आणि मी म्हटलंय, हां, कळवू." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला स्टेपलर घेऊन टेबलावर आपटला. तो अजूनही नीट चालत नाही.

स्नेहल त्यांची सगळ्यात लाडकी. लाडकी असं त्या कधी म्हणाल्या नसत्या, पण सगळ्यात जास्त ओरडा तिलाच पडायचा. ती मालवणजवळ देवबागची. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची, वडिलांना बोटीवर जाणं होत नव्हतं. पोरीने रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला होता आणि महामार्गालगत उघडलेल्या एका खासगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. बाईंनी तिच्याकडून अशी तयारी करून घेतली, की नमुना हातात आल्यापासून अहवाल देईपर्यंतची प्रत्येक पायरी ती झोपेतही सांगू शकली असती. मी माझ्या परीने तिला छळत होतो. "लग्न कधी करणार?" "एवढ्या लांबून रोज येणार कशा?" बाईंनी तिला शिकवलं होतं, असा आडवा प्रश्न आला तर थोडं हसायचं आणि बोलणं परत कामावर आणायचं.

मुलाखत झाली त्या दिवशी ती परस्पर बाईंकडे आली. मी गडग्यावरून बघितलं आणि दुकान बहिणीवर सोडून पळालो.

"झाली निवड!" स्नेहल म्हणाली.

बाईंनी चहा टाकला. "बस. पहिल्यापासून सांग. कोणी काय विचारल्यान, तू काय म्हटलंस, सगळा."

ती सांगत गेली आणि बाई मान डोलावत गेल्या. तांत्रिक प्रश्न झाले. एका प्रश्नाला तिने "माहीत नाही" म्हटलं, तेही सांगून झालं. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"मगे एका साहेबान विचारल्यान, आई काय करते. मी सांगलंय, मालवणच्या बाजारात मासे विकते. तर त्यान असा नाक धरल्यान आणि म्हणालो, मग लॅबमध्ये अत्तर मारून यावं लागेल. सगळे हसले."

"आणि तू?"

"मी पण हसलंय, बाई."

चहा उतू जात होता. कुणी उठलं नाही.

"तुमीच सांगलास ना," स्नेहल म्हणाली. तिला स्वतःला सावरायचं होतं, आरोप करायचा नव्हता. "आडवो प्रश्न इलो तर हसान फुडे जावचा."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग तो लाल झाला. "त्या माणसाचा नाव काय?" त्यांनी विचारलं आणि पायात चपला घालायला सुरुवात केली. मीही स्कूटरची चावी काढली. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्या आधी मीच इस्पितळात पोचलो असतो. त्या साहेबाच्या घरी रविवारी सुरमई येत असणार. ती कुणीतरी बाई पहाटे लिलावातून घेते, डोक्यावरून बाजारात आणते, साफ करून, तुकडे करून त्याच्या पिशवीत घालते. तेव्हा त्याला वास येत नाही. वास येतो तो तिची मुलगी समोर येऊन खुर्चीत बसली की.

स्नेहल दारात आडवी उभी राहिली. "बाई, तुमी जावक नको."

"बाजूक हो."

"नोकरी माझी आसा, बाई. राग तुमचो आसा." ती रडत नव्हती. "घरात आता माझोच पगार येवचो आसा. तुमी थय जावन बोलशात, ते गप ऐकतले, आणि माका म्हणतले, कळवू."

बाई थांबल्या. एक चप्पल पायात, एक हातात. एवढी मोठी बाई, आणि त्या पोरीपुढे कशी खिळून राहिली हे मला आजही दिसतं. मग हातातली चप्पल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तू सांगल्याशिवाय त्या माणसाशी मी एक शब्द बोलूचंय नाय." आणि आत निघून गेल्या. उतू गेलेला चहा मी पुसला.

पुढचे काही रविवार पडवी बंद होती. पोरं गडग्यापर्यंत येऊन परत जात. मग एक दिवस बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "स्कूटर काढ. देवबागेक जावचा आसा."

स्नेहल कामावर गेली होती. तिची आई, यशोदाबाई, अंगणात बांगडे साफ करत बसली होती. आम्हाला बघून ती हात धुऊन उठली, खुर्ची आणायला निघाली. बाईंनी तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मुलाखतीत असं असं झालं, त्या माणसाने असं म्हटलं, आणि स्नेहल हसली त्यात तिची चूक नाही. "तिका हसूक मी शिकवलंय. माका माफ कर."

यशोदाबाईच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, "ह्या माका सांगूची काय गरज होती, बाई? माझ्या चेडवान नाय सांगल्यान, माका दुखात म्हणान. आता तुमचा मन मोकळा झाला. माझा काय?"

माझी नजर समोरच्या माडांवर गेली आणि तिथेच राहिली.

"उद्या बाजारात बसान," यशोदाबाई म्हणाली, "तर समोरच्या प्रत्येकाक बघीन, हेका माझो वास येता काय म्हणान." मग तिने पदराने तोंड पुसलं. "जेवन जावा आता. उपाशी धाडूचंय नाय."

"नको गो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमका पण वास येता?"

बाई मुकाट्याने जेवायला बसल्या. ताटातला भात संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. परत आल्यावर स्कूटरवरून उतरता उतरता म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांका बोलव."

त्या रविवारपासून शिकवणी वेगळी झाली. बाकीचं सगळं तसंच, पण शेवटी मला सांगितलेलं असायचं, की काहीतरी लागेलसं बोल आणि स्वतः मोठ्याने हस. पोरांनी हसायचं नाही. भांडायचंही नाही. समोर बघून एवढंच म्हणायचं, "सर, कामाबद्दल विचारा." ऐकायला हे सोपं वाटतं. एकालाही जमेना. मी हसलो की समोरच्याचे ओठ आपोआप ताणले जायचे. आपल्याकडे लहानपणापासून हेच वळण पडलेलं असतं. मोठा माणूस हसला की आपण हसायचं, मग तो आपल्याच बापावर हसत का असेना. बाई टेबलावर हात आपटायच्या. "तो हसलो, म्हणान तुझ्या तोंडाक काय झाला? परत! सुधीर, परत हस." हसून हसून माझा घसा बसायचा.

मग जिल्ह्यातल्या एका संस्थेने नोकरी मेळावा भरवला. मोठं सभागृह, रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक फलक. त्यात ते इस्पितळही होतं. टेबलामागे तोच साहेब, आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या कोटात स्नेहल. स्थानिक मुलींना आम्ही कशी संधी देतो हे दाखवायला तिला आणलं होतं. बाई आमच्या पोरांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्नेहलला बघितलं, स्नेहलने त्यांना बघितलं. बाई जवळच्या खांबापाशी उभ्या राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून.

आमच्यातली अंकिता त्या टेबलासमोर बसली. वैभववाडीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. दोनचार प्रश्न बरे झाले. मग साहेब खुर्चीत मागे रेलला. "लग्नाचं काय? मुली येतात, आम्ही शिकवतो, आणि त्या अक्षता पडल्या की जातात." तो हसला. बाजूचे दोघे हसले.

अंकिता हसली नाही. "सर, कामाबद्दल विचारा," ती म्हणाली.

"अरे, केवढी तिखट!" साहेब स्नेहलकडे वळला. "हिला सांग, आपल्याकडे कसं हसतखेळत वातावरण असतं. तुझ्या मुलाखतीत मी तो अत्तराचा विनोद केला होता, आठवतं? केवढी हसली होतीस तू!"

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, आता संपलं, आता त्या पुढे होणार. त्या हलल्या नाहीत. स्नेहलला दिलेल्या शब्दाखाली त्या अक्षरशः दबून उभ्या होत्या.

"सर," स्नेहल म्हणाली, "मी हसले नव्हते. घाबरले होते."

साहेबाचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"माझी आई मासे विकते. त्यावर परत बोलू नका." एवढंच बोलून ती समोरच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा सरळ करायला लागली. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं.

पुढे काय झालं ते सांगताना माझं डोकं आजही तापतं. संध्याकाळी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमची मुलं पाहुण्यांचा अपमान करतात, पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका. पाहुण्यांचा! ज्या बाईने या मातीतल्या पोरांना बोलायला शिकवलं, तिला दार बंद, आणि ज्याने पोरीच्या तोंडावर नाक धरलं तो पाहुणा. त्याला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. इस्पितळवाल्यांना स्नेहलला काढून टाकायची हिंमत झाली नाही, कारण काम तिच्याइतकं नीट कुणी करत नव्हतं. पण तिला लांबच्या एका छोट्या केंद्रावर टाकलं, रोजचा निम्मा दिवस एसटीत जाईल अशा ठिकाणी. ती काही महिने टिकली आणि मग मालवणातच दुसऱ्या प्रयोगशाळेत लागली. तो साहेब अजून त्याच खुर्चीत आहे. अजून लोकांना प्रश्न विचारतो. त्याला कुणी काहीही विचारलेलं नाही.

बाईंना मी हे सगळं तावातावाने बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू चिडलंस, बरा झाला. पण स्नेहलान माझी वाट बघूक नाय, ह्या बघितलंस मा?" आणि त्या चक्क हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

नंतर त्यांना दम लागायला लागला. पडवीची पायरी चढली तरी थांबावं लागे. पुण्याचा पुतण्या न्यायला आला. मी सामान घेऊन कणकवली स्टेशनवर गेलो. मला वाटलं होतं, निरोप घेऊ, दोन शब्द बोलू. पण फलाटावर आमच्या आधीच कलमठची एक मुलगी येऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी त्या इस्त्री केलेल्या आवाजात सुरुवात केली, "या. बसा." पुतण्या घड्याळ बघत राहिला. गाडी लागली, सामान चढवलं, बाईंना खिडकीशी बसवलं, तरी प्रश्न चालूच. मुलगी खिडकीच्या गजाला धरून उत्तरं देत होती.

गाडी हलली. बाईंनी घाईघाईने आणखी एक प्रश्न टाकला. मुलगी गाडीबरोबर चालत चालत काहीतरी सांगू लागली. मग तिला धावावं लागलं आणि मग थांबावं लागलं. मला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त खिडकीतून बाहेर आलेला बाईंचा हात दिसत होता, बोटं गोल फिरवत, पुन्हा सांग, पुन्हा सांग. उत्तर त्यांना पटलं नव्हतं.